पाहुण्याच्या ताटातून भूक दिसत नाही

थोडं मोठं लिहितोय. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

परवा टपरीवर ओळखीतल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. कॉलेजात आहे, वाचणारा आहे. स्क्रीनवर हॉलिवूडचा नट शॉन पेन आणि व्हेनेझुएलाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ, शेजारी शेजारी, हसत. पोरगा म्हणाला, "सर, ही माणसं ऑस्कर घेतात, जग फिरतात, रोज चार पेपर वाचतात. तरी असल्या नेत्यांच्या प्रेमात कशी पडतात? पैसे मिळतात का?"

"पैसे खाल्ले असतील" हे आपल्याकडचं सगळ्यात सोपं उत्तर. कुठल्याही कुलपाला लागणारी किल्ली. पण या बाबतीत ती बहुतेक वेळा लागत नाही. खरं उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत आहे. त्या गोष्टीत एक जगप्रसिद्ध नाटककार आहे, आणि एक सत्तावीस वर्षांचा पत्रकार. पोराला तिथेच सांगायला लागलो, पण त्याची बस आली. म्हणून इथे लिहितोय.

जुलै १९३१. जॉर्ज बर्नार्ड शॉ रशियाला निघाले. नोबेल मिळालेला लेखक, इंग्लंडमधला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. राजा असो, पाद्री असो, पंतप्रधान असो, शॉंनी कुणाला सोडलं नव्हतं. सोबत ब्रिटिश खासदार लेडी अ‍ॅस्टर, तिचा नवरा आणि आणखी काही बडी मंडळी. २६ जुलैला शॉ पंच्याहत्तर वर्षांचे झाले. तो वाढदिवस मॉस्कोच्या एका भव्य सभागृहात साजरा झाला. तीन दिवसांनी स्टालिनने त्यांना दोन तासांहून जास्त वेळ दिला. लेडी अ‍ॅस्टरने तिथे तोंडावर विचारलं, की तुम्ही माणसं मारणं कधी थांबवणार, अशी नोंद आहे. शॉंनी असलं काही विचारलं नाही. जगातल्या प्रत्येकाची टोपी उडवणाऱ्या माणसाने तिथे मात्र स्वतःची टोपी हातात धरली.

मॉस्कोतल्या भाषणात शॉंनी एक किस्सा सांगितला. रशियात खायला मिळत नाही असं ऐकून मित्रांनी आम्हाला खाण्याचे डबे बांधून दिले होते. मी ते रशियाच्या हद्दीत शिरण्याआधीच गाडीतून बाहेर फेकून दिले! त्यांना वाटलं, लोक हसतील. समोर बसलेल्या मॉस्कोकरांच्या घरात तेव्हा रेशनकार्ड होतं. कुणाच्या तरी पोराच्या तोंडी लागले असते असे डबे हा म्हातारा विनोद म्हणून फेकून आला होता.

आता शॉ मूर्ख होते का? अजिबात नाही. मग झालं काय?

पहिलं म्हणजे घरातला राग. १९२९ नंतर पाश्चात्त्य देशांत मंदीने थैमान घातलं होतं. ब्रिटनमध्ये पंचवीस लाखांवर माणसं बेकार, जर्मनीत १९३२ पर्यंत साठ लाखांच्या घरात. गोदामात माल पडून आणि दारात उपाशी माणूस, असं दृश्य. अशा वेळी कुणी सांगितलं की एक देश आहे जिथे बेकारी नाही, शेअर बाजार नाही, सगळं योजनेप्रमाणे चालतं, तर ज्याला आपल्या घराची लाज वाटते त्याला ते गोड लागणारच. शॉ रशियाचं कौतुक करायचे तेव्हा अर्धा डोळा लंडनकडे असायचा. रशिया ही त्यांच्यासाठी इंग्लंडला हाणायची काठी होती. हातातली काठी किडलेली आहे का, हे भांडणाच्या भरात कोण बघतो?

दुसरं म्हणजे मान. लोकशाहीत लेखकाला टाळ्या मिळतात, पण पंतप्रधान काही त्याला विचारून कारभार करत नाही. तिकडे मात्र स्टेशनवर गर्दी, हारतुरे, आणि खुद्द सर्वेसर्वा समोर बसून ऐकतोय. मोठ्या माणसाला पैशाने विकत घेता येत नाही, असं म्हणतात. पण दोन तास नीट ऐकून घेतलं तर तो कधीकधी फुकटात मिळतो.

तिसरं, 'करून दाखवणारा माणूस' याचं आकर्षण. संसदेतल्या चर्चा, समित्या, फाटे फोडणं, याचा शॉंना वीट आला होता. म्हणूनच त्यांनी इटलीच्या मुसोलिनीचंही कौतुक केलेलं आहे, आणि मुसोलिनी काही समाजवादी राज्य चालवत नव्हता. तेव्हा हा रोग फक्त डाव्यांचा, असं समजून उजव्या मित्रांनी लगेच फटाके लावू नयेत. 'एकदाचा दंडुका हवा' हे वाक्य आपल्या गावातल्या प्रत्येक सलूनमध्ये ऐकू येतं. दंडुका नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर पडणार, अशी बोलणाऱ्याची खात्री असते, एवढंच.

चौथं कारण यंत्रणेचं. परदेशी पाहुण्यांची बडदास्त ठेवायला सोव्हिएत सरकारने १९२५ मध्ये एक संस्थाच काढली होती, व्होक्स नावाची. दुभाषी त्यांचे, मोटार त्यांची, कुठली शाळा, कुठलं बालवाडीघर, कुठलं शेत दाखवायचं ते आधीच ठरलेलं. १९३३ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरिओ युक्रेनला गेले, तेव्हा त्यांच्या वाटेवरचे रस्ते धुऊन पुसून ठेवले होते. परत येऊन त्यांनी सांगितलं, युक्रेन तर बहरलेल्या बागेसारखा आहे.

हे वाचताना मला हसू येत नाही. कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हा सात-आठ वार्ताहरांना एका 'आदर्श' गावाच्या दौऱ्यावर नेलं होतं. गावाचं नाव नको, खात्याचंही नको. जीप आमच्या दारात. गावात रांगोळ्या, नळाला धो धो पाणी, पाण्याच्या टाकीसमोर फोटो, मग झाडाखाली पंगत. पुरणपोळी, वर तूप. साहेब स्वतः वाढायला. मी परत येऊन अर्धं पान लिहिलं. मथळा अजून पाठ आहे, पण सांगायची लाज वाटते. आठवड्याने एसटी स्टँडवर त्याच गावची एक बाई भेटली. डोक्यावर बोचकं. मला ओळखून म्हणाली, "दादा, त्या दिशी टँकरनं टाकी भरली व्हती. तुमी गेलात, पानी गेलं." एवढंच. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. बसमध्ये चढली.

पुढे काय केलं ते शेवटी सांगतो. आधी त्या दुसऱ्या माणसाची गोष्ट.

१९३२-३३. स्टालिनने शेतकऱ्यांच्या जमिनी, बैल, औजारं सामूहिक शेतीत ओढली होती. वरून धान्यवसुलीचे आकडे यायचे ते पिकापेक्षा मोठे. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातलं धान्य उचललं तर गोळी, नाहीतर दहा वर्षं शिक्षा. मूठभर कणसं वेचणाऱ्यांनाही तो लागला. डिसेंबरमध्ये देशातल्या देशात फिरायला पासपोर्ट लागू झाला, आणि तो खेड्यातल्या शेतकऱ्याला दिलाच नाही. जानेवारी १९३३ मध्ये युक्रेनमधून शेतकऱ्यांनी बाहेर पडू नये असा हुकूम निघाला. म्हणजे घरात दाणा नाही आणि दार बाहेरून बंद. आणि तेव्हाही धान्य जहाजात भरून परदेशी विकणं चालूच होतं. युक्रेनमध्ये पस्तीस ते चाळीस लाख माणसं मेली असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. कझाकस्तानात साधारण पंधरा लाख. दुष्काळ आपल्याला नवा नाही. पण पाऊस पडला नाही म्हणून येणारा दुष्काळ वेगळा आणि वसुलीने पाडलेला वेगळा.

बातम्या थोड्या थोड्या बाहेर झिरपत होत्या. तेव्हा २ मार्च १९३३ रोजी 'मँचेस्टर गार्डियन' मध्ये एक पत्र छापून आलं. सही बर्नार्ड शॉ आणि आणखी वीस जण. आशय असा, की आम्ही तिकडे जाऊन आलोय, लोकांचे हाल, गुलामी, असलं काही आम्हाला कुठे दिसलं नाही. हा सगळा रशियाविरुद्धचा अपप्रचार आहे.

त्याच महिन्यात गॅरेथ जोन्स नावाचा वेल्समधला एक तरुण मॉस्कोहून रेल्वेने युक्रेनकडे निघाला. केंब्रिजला शिकलेला, रशियन भाषा उत्तम, काही काळ माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा सहायक. पाठीवरच्या पिशवीत पाव, लोणी, चीज, चॉकलेट भरून घेतलेलं. ठरलेलं शहर यायच्या आधीच तो मधल्या एका स्टेशनवर उतरला आणि रुळांच्या कडेने, बर्फातून, खेड्याखेड्यांतून चालत सुटला. सोबत दुभाषी नाही, मोटार नाही. रात्री शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम. बारा सामूहिक शेतं त्याने पायी पाहिली. जिथे जाईल तिथे एकच बोलणं: पाव नाही, आम्ही मरतोय.

गाडीतला एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. त्याने पावाचा तुकडा पिकदाणीत टाकला, तर समोरच्या शेतकऱ्याने तो काढून खाल्ला. मग त्याने संत्र्याची साल टाकली. तीही त्या माणसाने काढून खाल्ली.

शॉंचे डबे आणि ही साल. दोन्ही गोष्टी रेल्वेतल्या. मध्ये जेमतेम पावणेदोन वर्षं.

२९ मार्चला जोन्सने बर्लिनमध्ये पत्रकारांसमोर सगळं सांगितलं. बातमी इंग्लंड-अमेरिकेत छापून आली. आणि दोनच दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स' मध्ये त्यांचा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरँटी याने जोन्सला खोटं पाडलं. लोकांची उपासमार आहे, पण भूकबळी नाहीत, अशी शब्दांची कसरत. ड्युरँटी लहानसहान नव्हता. आदल्याच वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळालेला. मॉस्कोत ऐसपैस घर, मोटार, सरकार दरबारी वजन. यूजीन लायन्स या दुसऱ्या बातमीदाराने पुढे १९३७ मध्ये पुस्तकात कबूल केलं, की जोन्स खरं बोलतोय हे आम्हाला ठाऊक होतं, तरी आम्ही मिळून त्याला खोटं ठरवलं. कारण तेव्हा ब्रिटिश इंजिनिअरांवर मॉस्कोत मोठा खटला उभा राहात होता आणि त्याच्या बातम्या मिळवायला अधिकाऱ्यांची मर्जी हवी होती. आणि ड्युरँटी? त्याच सप्टेंबरमध्ये त्याने मॉस्कोतल्या ब्रिटिश वकिलातीत खाजगीत सांगितलं, की अन्नाच्या टंचाईने एक कोटीपर्यंत माणसं मेली असतील. हे आकडे वकिलातीच्या कागदात आहेत. छापायला एक, सांगायला एक.

वाचकाने कुणावर विश्वास ठेवायचा? एकीकडे नोबेलवाला, पुलित्झरवाला, माजी पंतप्रधान. दुसरीकडे बर्फातून चालून आलेला एक पोरगा. जोन्सला रशियाची दारं कायमची बंद झाली. तो कार्डिफला परत आला आणि 'वेस्टर्न मेल' या आपल्या भागातल्या पेपरात स्थानिक कारागिरांवर, हस्तकलांवर लिहीत बसला. ऑगस्ट १९३५ मध्ये मांचुरियाकडच्या बातम्या करायला गेला असताना लुटारूंनी त्याला पळवून ठार मारलं. दुसऱ्या दिवशी त्याला तीस पूर्ण होणार होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहात नाही, हे खरं. पण उजाडेपर्यंत कोंबड्याचं काय होतं, तेही लक्षात ठेवा. ड्युरँटीचं पुलित्झर परत घेण्यावर पुढे चर्चा झाली. २००३ मध्ये मंडळाने ठरवलं, परत घ्यायचं नाही.

माझ्या मते मुद्दा इथे आहे. मोठ्या माणसाची चूक त्याच्यापुरती राहात नाही. शॉंनी स्टालिनवर प्रेम केलं, ते त्यांचं त्यांनी बघावं. पण त्यांची सही, ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्या तोंडावर हात ठेवायला वापरली गेली. मरणाऱ्याच्या बाजूने एक साक्षीदार उभा होता, आणि त्याच्यासमोर एकवीस सह्या.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब अपुरा राहील.

पॉल रोबसन हा अमेरिकेतला काळा गायक, आवाज असा की भिंती हलाव्यात. स्वतःच्या देशात त्याला कित्येक हॉटेलांत प्रवेश नाही, आणि काळ्या माणसांना झाडाला टांगून मारणं चालू. १९३४ मध्ये तो मॉस्कोला गेला, तिथे लोकांनी रस्त्यात गळामिठी घातली. आपल्याला माणूस म्हणून वागवणारी जागा सापडली, असं त्याला वाटलं. त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. आपल्याकडचं बघा. वाटेगावात जन्मलेले, दीड दिवस शाळेत गेलेले अण्णाभाऊ साठे. जातीने गावाबाहेर ठेवलेले. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला. १९६१ मध्ये रशियाला गेले, आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ज्याला इथे पाणवठ्यावर उभं केलं नाही, त्याला तिथे लेखक म्हणून मान मिळाला, तर त्याचं मन भरून येणारच. तेव्हा स्टालिन जाऊन आठ वर्षं झाली होती, दुष्काळाशी अण्णाभाऊंचा काही संबंध नाही. मी त्यांना शॉंच्या रांगेत बसवत नाही. सांगायचं एवढंच, की परदेशातल्या स्वप्नाला घरातल्या जखमेचं खत असतं. ती जखम खरी असते.

पण रोबसनची गोष्ट तिथे संपत नाही. १९४९ मध्ये तो पुन्हा मॉस्कोत होता. आपला जुना ज्यू कविमित्र इत्सिक फेफर कुठे आहे म्हणून त्याने हट्ट धरला. फेफर तुरुंगात होता. त्याला तिथून काढून, नीट कपडे घालून हॉटेलात आणलं. खोलीत कान लावलेले असणार, म्हणून फेफर तोंडाने भलतंच बोलत राहिला आणि खुणांनी सांगत गेला: मिखोएल्स या नटाला स्टालिनने मारलं, आता आमची पाळी. रोबसनच्या मुलाने ही हकिकत पुढे सांगितली. त्या मुक्कामातल्या कार्यक्रमात रोबसनने वॉर्साच्या ज्यूंच्या लढ्याचं गाणं त्यांच्याच यिद्दिश भाषेत म्हटलं. पण अमेरिकेत परतल्यावर जाहीरपणे सांगितलं, की रशियात ज्यूंचा छळ वगैरे काही नाही. घरच्या शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्या, हा विचार. १२ ऑगस्ट १९५२ ला फेफरला गोळी घातली.

रोबसन पैसे खाणारा नव्हता. उलट त्याने फार भोगलं, अमेरिकेने आठ वर्षं त्याचा पासपोर्ट अडवला. तरी तो गप्प बसला. चांगला माणूस चांगल्या कारणासाठी गप्प बसतो, तेव्हा ते सगळ्यात जास्त खुपतं.

बोलणारे नव्हते का? होते. फ्रेंच लेखक आंद्रे जीद १९३६ मध्ये मोठा चाहता म्हणून रशियाला गेला. गोर्कीच्या अंत्ययात्रेला लाल चौकात भाषण केलं. पुढे स्टालिनच्या गावी, गोरीला, आभाराची तार करायला पोस्टात गेला. तारेत नुसतं 'तुम्हाला' लिहिलं, तर दुभाषी अडला: असं चालणार नाही, पुढे कामगारांचे नेते, जनतेचे स्वामी, असं काहीतरी लावा. जीदच्या मनात तिथे खडा पडला. परत येऊन त्याच वर्षी त्याने पुस्तक लिहिलं. जवळचे मित्र तुटले, गद्दार म्हणून शिव्या पडल्या. त्याने पुस्तक मागे घेतलं नाही.

उलट उदाहरण सिडनी आणि बिआट्रिस वेब या विद्वान जोडप्याचं. १९३५ मध्ये सोव्हिएत रशियावर त्यांनी दोन खंडी ग्रंथ लिहिला. नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं: नवी संस्कृती? १९३७ च्या आवृत्तीत ते प्रश्नचिन्ह काढून टाकलं. १९३७ म्हणजे स्टालिनच्या कत्तलीचं सगळ्यात काळं वर्ष. एकदा लिहून बसलं की मागे फिरणं किती अवघड असतं, ते त्या एका चिन्हात आहे.

चावेझचंही याच मापाने मोजा. तेल महाग होतं तेव्हा त्याच्या राजवटीत गरिबांना दवाखाने, शिक्षण मिळालं, हे नाकारू नये. ऑलिव्हर स्टोनने त्याच्यावर सिनेमा काढला, शॉन पेन त्याच्या अंत्यविधीला गेला. नोम चॉम्स्कीचं पुस्तक चावेझने २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात हातात धरून दाखवलं, त्याचा खप एकदम वाढला. पण डिसेंबर २००९ मध्ये मारिया लूर्देस अफियुनी या न्यायाधीशबाईंना, निकाल आवडला नाही म्हणून, चावेझने तुरुंगात टाकलं; आणि २०११ मध्ये याच चॉम्स्कीने जाहीर पत्र लिहून सांगितलं, त्यांना सोडा. मैत्री असून बोलता येतं, ते असं. पुढे त्या देशातून सत्तर लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. सिनेमावाले तिकडे राहायला गेल्याचं मी ऐकलं नाही.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैसे नाही. घरचा राग, मिळालेला मान, झटपट निकालाची हौस, आणि परतीचं तिकीट. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे लोक डोंगरावर जाऊनही पाहुणेच राहिले. कुणीही कुठल्या राजवटीचं कौतुक करायला लागला, डाव्या असो की उजव्या, तर दोनच गोष्टी विचार. तिथल्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का? आणि त्याला तिथून निघता येतं का? रस्ते, धरणं, शाळा, पुतळे, सगळं त्यानंतर.

आता माझं राहिलेलं. एसटी स्टँडवरच्या त्या बाईनंतर मी बातमी करायची ठरवलं. पण आपणच लिहिलेलं आपणच कसं खोडायचं, या लाजेपायी आज करू, उद्या करू असं तीन आठवडे गेले. मग पाऊस पडला. विहिरींना पाणी आलं, विषय संपला. मी ती बातमी कधीच केली नाही. शॉंना हसायच्या आधी मला हे लिहायला हवं होतं, म्हणून आज लिहिलं.